पोरांना डोंगरावर जाऊ द्या

दिवाळीची सुट्टी संपत आली की आमच्या वस्तीत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक म्हणजे 6 डिसेंबरला चैत्यभूमीला कोणत्या गाडीने जायचे, आणि दुसरी म्हणजे मुलांचे शिबिर यंदा कुठे न्यायचे. पहिल्या गोष्टीसाठी कोणाला बोलवायला जावे लागत नाही. दुसरीसाठी मात्र आम्ही दरवर्षी घरोघरी फिरतो, उंबऱ्यात बसतो, चहा घेतो आणि आईबापांजवळ त्यांची मुले चार दिवसांसाठी मागतो.

आम्ही कल्याण पूर्वेचे. वस्तीत रेल्वेतले खलाशी, हमाल, नाका कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या माता-भगिनी आणि आमच्यासारखे दोनचार कारकून. दिवसभर ऑफिसात खतावण्या लिहायच्या आणि रविवारी विहारात मुलांचा वर्ग घ्यायचा, असा आमचा क्रम होता. 2013 साली आम्ही चौघापाचांनी मिळून शाळेबाहेरचे, ज्याला ‘ओपन’ म्हणतात तसे, स्काऊट पथक नोंदवले. जुन्या मंडळींना ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ हे शब्द आठवत असतील. आम्ही प्राथमिक प्रशिक्षण घेऊन आलो, शिंप्याकडून स्कार्फ शिवून घेतले आणि 17 मुलांनिशी काम सुरू केले.

पहिल्याच वर्षी एका आजोबांनी आम्हांला दारातच अडवले. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेला माणूस. म्हणाले, “बाबांनो, आमचा बाप गावकुसाबाहेर उघड्यावर झोपला. आम्ही कल्याणला आलो तेव्हा दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. डोक्यावर पत्रा यायला दोन पिढ्या गेल्या. आणि तुम्ही पैसे घेऊन पोरांना परत ताडपत्रीखाली झोपवायला नेता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुखवस्तू घरच्या मुलाला तंबूत झोपणे ही गंमत असते, कारण त्याने ते कधी सोसलेले नसते. आमच्या घरांना उघड्यावरची रात्र चांगली ठाऊक आहे. म्हणून शिबिराचे कौतुक सांगताना आम्ही जपून बोलतो. पण वाचकहो, त्या आजोबांचा नातू कसा वाढत होता तेही पाहा. दहा बाय दहाची खोली, खाली बोळ, बोळात गटार, हातात बापाचा मोबाइल. त्याने काळोख असा कधी पाहिला नव्हता, कारण वस्तीत रात्रभर दिवे. नदी पाहिली ती पुलावरून, लोकलच्या दारातून. त्याच्या आजाला पायाखालची वाट अंधारात कळत असे. नातवाला आंबा आणि जांभूळ यांची पाने ओळखता येत नव्हती. उघड्यावर झोपावे लागणे वेगळे आणि चार रात्री बाहेर राहून, स्वतः चूल पेटवून, सगळ्यांनी मिळून सुखरूप परत येणे वेगळे. हे आम्ही आजोबांना सांगितले. पटले असे नाही, पण नातू आला.

ही चळवळ आली कुठून, हेही पालक विचारतात आणि विचारलेच पाहिजे. रॉबर्ट बेडन पॉवेल हे इंग्रज लष्करी अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत 1899-1900 साली मॅफेकिंगच्या वेढ्यात मुलांनी निरोप पोचवण्याची कामे केली, तो अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 1 ऑगस्ट 1907 ला इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचे शिबिर सुरू केले. साम्राज्याच्या फौजेतला हा माणूस; त्याची आरती ओवाळण्याचे आम्हांला कारण नाही. पण त्या शिबिराची एक गोष्ट आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांच्या मनात बसली आहे. जवळपास निम्मी मुले बड्या खाजगी शाळांतली होती, बाकीची पूल आणि बोर्नमथ गावांतल्या साध्या, कामकरी घरांतली. फी सर्वांना सारखी नव्हती. बड्या घरच्या मुलाला एक पौंड, कामकरी घरच्या मुलाला साडेतीन शिलिंग. पौंडाचे तेव्हा 20 शिलिंग होत, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि संघ पाडताना मुले मिसळून टाकली.

आपल्याकडे 1909 साली पहिली पथके निघाली ती युरोपियन आणि अँग्लो इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यांत जागा नव्हती. 1913 साली मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांना या कामात घेतले. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. नंतर ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी आपापल्या संघटना काढल्या, आणि स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला सगळ्यांची मिळून भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली. ज्या दारावर कातडीचा रंग पाहून आत सोडत होते, ते दार असे हळूहळू उघडत गेले.

फीबाबत आम्ही ब्राऊनसीचाच मार्ग धरला. वस्तीतल्या नोकरदारांची मुले पूर्ण फी देतात, बाकीची जमेल तेवढी, काही जण तांदूळ देतात. कोणी किती दिले हे एका वहीत असते आणि ती वही एकाच माणसाच्या कपाटात राहते. फळ्यावर फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च लिहिला जातो. आपल्या शेजारी झोपलेल्या मुलाने काय भरले हे कोणत्याही मुलाला कळता कामा नये, हा आमच्या पथकाचा पहिला नियम आहे. गाठी मारायला त्यानंतर शिकवतो.

स्काऊटमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा एक उपक्रम असतो. मुलांनी खाद्यपदार्थांचा ठेला लावायचा, छोटी कामे करायची आणि स्वकष्टाचे पैसे मिळवायचे. फार चांगला उपक्रम. पण आम्ही तो पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा रोज पहाटे साडेचारला पेपर टाकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग मी रोज करतो ते काय असतं?” आम्ही त्याच्या वहीवर त्याच दिवशी खरी कमाई पूर्ण झाल्याची नोंद केली. नियमावलीत हे बसते की नाही याचा आम्ही फार विचार केला नाही.

प्रतिज्ञेचा प्रश्न मात्र विचार केल्याशिवाय सुटणारा नव्हता. स्काऊटच्या प्रतिज्ञेत ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य बजावण्याचे वचन आहे. एका पालकाने विहारात विचारले, “घरी बावीस प्रतिज्ञा, आणि मैदानात ईश्वराची शपथ, हे कसे?” आम्ही नियमांचे पुस्तक काढले. त्यात सोय आहे : ज्याची इच्छा असेल त्याने ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘धर्म’ हा शब्द घ्यावा. आम्हांला वाटले, सुटले. पण एका ज्येष्ठ उपासकांनी लगेच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढले आणि धर्म व धम्म यांत बाबासाहेबांनी केलेला फरक वाचून दाखवला. दोन रविवार ही चर्चा चालली. मुले बाहेर शिट्ट्या वाजवत होती आणि आत मोठी माणसे एका अक्षरावर भांडत होती. शेवटी ठरले की मुले तोंडाने ‘धर्म’ म्हणतील आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा ते वर्गात शिकवले जाईल. मोठ्या शिबिरांत सर्वधर्म प्रार्थना असते, तिथे आमची मुले त्रिशरण पंचशील म्हणतात आणि चांगल्या आवाजात म्हणतात.

2015 च्या डिसेंबरातले शिबिर आम्ही मळवलीला नेले. कल्याणहून लोणावळा, तिथून पुण्याची लोकल आणि पुढचेच स्टेशन. उतरून भाज्याकडे चालत निघालो. एका शेतकऱ्याने कापणी झालेल्या खाचरात तंबू ठोकायला परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी मुलांनी दगड लावून चूल केली आणि खिचडी रांधली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली आणि सगळी संपली. दुसऱ्या दिवशी बिनभांड्याचा स्वयंपाक. निखाऱ्यात बटाटे भाजायचे, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून शेकायचा. परत आल्यावर एका आईने हे ऐकून कपाळावर हात मारला, “घरात भांडी नव्हती तेव्हा आम्ही हेच करत होतो की! त्याचा बिल्ला मिळतो?”

भाज्याची लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. बाजूला चौदा छोटे स्तूप एकत्र आहेत, काहींवर थेरांची नावे कोरलेली. मुलांना आम्ही तिथे व्याख्यान दिले नाही. बसा आणि पाहा, एवढेच म्हटले. एका मुलाने विचारले की भिक्खू इतक्या लांब डोंगरात कशाला येऊन राहत? आम्ही सांगितले की भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत आणि बाकीचे वर्ष चालत असत. शिवाय भाजे हे घाटातून खाली कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेजवळ आहे, तेव्हा ती जागा वाटते तितकी एकाकी नव्हती. मुलगा म्हणाला, “म्हणजे ते पण कॅम्पच करत होते.” आम्ही दुरुस्त केले नाही.

रात्री आकाश. शहरातल्या मुलांना एवढ्या चांदण्या एकदम दिसल्या की ती काही वेळ बोलतच नाहीत. ध्रुव शोधायला शिकवताना सगळी पुस्तके सप्तर्षी सांगतात, पण डिसेंबरात सप्तर्षी वर यायला मध्यरात्र होते. तोवर मुले झोपलेली. म्हणून आम्ही शर्मिष्ठेवरून शिकवतो, इंग्रजी एम अक्षरासारखा तो तारकासमूह संध्याकाळीच उत्तरेकडे दिसतो. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून साधारण 19 अंशच वर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठींच्या वर तो सापडतो. हे मुठीचे माप मुलांना फार आवडते. मग प्रत्येक जण आभाळ मोजत सुटतो.

त्याच शिबिरात तिसऱ्या पहाटे आम्हांला बाहेर हालचाल ऐकू आली. उठून पाहिले तर त्या गँगमन आजोबांचा नातू कुडकुडत एकेका तंबूच्या दोऱ्या सैल करत फिरत होता. सुती दोरी दवाने भिजली की आखडते आणि खुंट्या उपटून काढते, म्हणून संध्याकाळीच ती थोडी ढिली करायची असते, हे त्याला दोन दिवसांपूर्वी सांगितले होते. त्याच्या संघाची पाळी नव्हती. कोणी उठवले नव्हते. चारही तंबूंच्या दोऱ्या त्याने सैल केल्या आणि गुपचूप जाऊन झोपला. शाळेत हा मुलगा गणितात दोनदा नापास झालेला होता.

आता एक कडू आठवण सांगतो. 2018 साली, दुसऱ्या एका तालुक्यात, एका गावाबाहेर आमचा मुक्काम होता. गावाने परवानगी दिली होती. पाण्याच्या पाळीवर दोन मुले विहिरीवर गेली. तिथे एकाने विचारले, कुठली पोरं? मुलांनी सांगितले, कल्याणची, स्काऊटची. नाव काय? नाव सांगितले. “ते नव्हे, आडनाव.” मुलाने आडनाव सांगितले. तो माणूस काही बोलला नाही, निघून गेला. मुले पाणी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरचा दोर नव्हता.

आम्ही सरपंचांकडे गेलो. ते सज्जनपणे म्हणाले, “कोणीतरी धुवायला नेला असेल.” दोर कोणी धुतो का? आम्ही तिथे बोलायचे ते स्पष्ट बोललो. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे, 1955 पासून त्याचा कायदा आहे, आणि आमची तक्रार लेखी असेल, हेही सांगितले. परत आलो तर मुलांनी पाणी आणलेले होते. तंबूचे दोन दोर, एक जाड एक बारीक, शीट बेंडने जोडले आणि बादलीच्या कडीला बोलाइन मारली. बोलाइन ही न सरकणारी, न आवळणारी गाठ. बुडणाऱ्या माणसाला काढायला शिकवतात ती. संघनायक म्हणाला, “सर, दोर आपला आहे, विहीर गावाची आहे.” संध्याकाळी विहिरीवर नवा कोरा दोर आला. कोणी आणला ते कळले नाही.

त्या रात्रीच्या शेकोटीला नाटुकली झाली नाहीत. ज्या मुलाने आडनाव सांगितले होते, तेरा वर्षांचा, त्याने विचारले, “मी खोटं आडनाव सांगायला पाहिजे होतं का?” आम्ही उत्तर देणार तोच संघातली मुले आपसांत बोलू लागली, म्हणून आम्ही गप्प राहिलो. बराच वेळ बोलली. शेवटी ठरले ते असे की पुढच्या वेळी पाण्याला दोघे जाणार नाहीत, आठही जण जातील, आणि विचारले तर आठही जण आडनाव सांगतील. मग आम्ही 20 मार्च 1927 ची हकीकत सांगितली, महाडच्या तळ्याची. ही हकीकत त्यांनी विहारात दहा वेळा ऐकली होती. त्या रात्री त्यांनी अशी ऐकली की जणू काल घडली आहे. तळ्याला पायऱ्या किती, पहिले पाणी प्यायल्यावर पुढे काय झाले, मार खाल्लेले लोक घरी कसे गेले, असे प्रश्न विचारले.

काही पालक त्यानंतर म्हणाले, मग जायचेच कशाला अशा गावांत? आम्हांला ते पटत नाही. डोंगर आणि नद्या कोणा एकाच्या नाहीत, आणि न जाण्याने त्या वाटा आपल्या होणार नाहीत.

कान्हेरीची सहल मात्र सगळ्यांना आवडते, कारण ती एका दिवसाची आणि स्वस्त. ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवली, मग राष्ट्रीय उद्यानातून वर. शंभरावर लेणी, आणि जागोजाग दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक पुष्कळ. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने डोंगरावरची वाट दान दिली. आमच्या पथकात एक मुलगा आहे, त्याचे वडील वेल्डिंगच्या दुकानात कामाला. लोहाराचा लेख त्याला सांगितल्यावर तो उतरताना पायरी पायरी न्याहाळत उतरला. घरी जाऊन बापाला काय सांगितले कोण जाणे, पण बाप दुसऱ्या रविवारी आला आणि तंबूसाठी लोखंडी खुंट्या फुकट करून देतो म्हणाला. दिल्याही, 40.

मुलींचे काम उशिरा सुरू झाले. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला तेव्हा काही मुली गणवेश करून आपणहून तिथे हजर झाल्या होत्या. गाईडची सुरुवात त्यांच्या हट्टातून झाली. भारतात 1911 साली जबलपूरला पहिली गाईड कंपनी निघाली. आमच्याकडे हट्ट धरणाऱ्या तीन बहिणी होत्या. भाऊ शिबिराला जातो आणि आम्ही त्याचे कपडे धुतो, असे त्यांनी आईला सुनावले. मुलींबरोबर बाई हवी हा नियमच आहे, आणि योग्य आहे. वस्तीतल्या एक अंगणवाडी सेविका प्रशिक्षण घेऊन आल्या आणि 2016 पासून गाईडची कंपनी चालू आहे. मुलांच्या संघांना गरुड, वाघ अशी नावे असतात, मुलींच्या संघांना फुलांची. आमच्या मुलींना हे आवडलेले नाही. त्या म्हणतात, आम्हांला जाई-जुई नको. नियम फुलाचाच आहे, म्हणून त्यांनी ‘पळस’ हे नाव घेतले.

दोन गोष्टींत आम्ही कोणाचेच ऐकत नाही. पाण्यात उतरणे मोठ्या माणसाशिवाय नाही. इंद्रायणी असो की पवना, मला पोहता येते म्हणणाऱ्या मुलावर आमचे जास्त लक्ष असते. आणि मोबाइल चार दिवस आमच्या पिशवीत. रात्री आठ वाजता आम्ही सर्व घरी एकच निरोप पाठवतो. पहिल्या रात्री पालकांचेच फोन येतात, दुसऱ्या रात्री कमी होतात.

यंदाचे शिबिर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. 31 मुले आणि 14 मुली यांची नावे आली आहेत. तंबू जुने झाले, दोघांची शिवण उसवली आहे. मागच्या रविवारी विहाराच्या ओट्यावर ते पसरले तर ते गँगमन आजोबा दाभण आणि सुतळी घेऊन आले. नातू आता आयटीआयला आहे, तो आमच्याबरोबर सहायक म्हणून येतो. आजोबांनी कापड हातात घेतले, शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, “हे कोणी शिवलंय? असं शिवल्यावर पाणी आत येणारच. ताडपत्री आम्ही दुहेरी मुडपून शिवायचो.” संध्याकाळपर्यंत एक तंबू झाला. दुसरा येत्या रविवारी घेऊ, दाभण घेऊन या, असे त्यांनी मुलींना सांगून ठेवले आहे.